गॅलरीत पारवे, डक्टमध्ये पारवे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

इमारतीत घरटी करणाऱ्या पक्ष्यांविषयी आलेल्या पत्रांत पारव्यांचाच गलका जास्त आहे. शहरात आपण ज्याला सरसकट कबुतर म्हणतो तो हा पारवा. तो मूळचा कडेकपारीतला, झाडावर घरटं करत नाही. त्याला कड्यातली खोबण लागते, आणि एसीच्या मागची फट, डक्टमधल्या (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीतल्या) पाइपाचा कोपरा, खिडकीवरचा छज्जा या त्याच्या लेखी खोबणीच आहेत. पण इमारतीतलं प्रत्येक घरटं पारव्याचं नसतं. काही पत्रांत तक्रार एकाची आणि पक्षी भलताच निघाला. म्हणून शक्य तिथे आधी ओळख, मग उपाय, असा क्रम ठेवला आहे.

प्रश्न (ठाणे): बेडरूमच्या एसीच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतरानं घरटं केलंय, दोन अंडी आहेत. जाळीवाला म्हणतो आजच काढून टाकतो. सासूबाई म्हणतात अंडी मोडायची नाहीत. किती दिवस थांबावं लागेल? तोवर एसी लावावा का?

उत्तर: सासूबाईंचं ऐका, फक्त आजची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पारवी एका खेपेला दोनच अंडी घालते आणि दुसरं पहिल्यानंतर साधारण पावणेदोन दिवसांनी येतं. पुढे १७ ते १९ दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि चार ते पाच आठवड्यांत उडतात. थंडीत थोडी जास्तच रेंगाळतात. म्हणजे एकूण सात आठवडे धरा. अंडी फेकून हा वेळ वाचत नाही. पारव्यांना बारा महिने वीण चालते. अंडी गेली की तीच जोडी थोड्या दिवसांत त्याच जागी पुन्हा दोन अंडी घालते, आणि तुमचे सात आठवडे नव्याने सुरू होतात.

पिल्लाचं वय बघून सांगता येतं. पहिल्या आठवड्यात अंगावर पिवळे, दोऱ्यासारखे विरळ केस आणि अंगाच्या मानाने भलीमोठी चोच असते. दुसऱ्या आठवड्यात पंखांवर निळसर नळ्या फुटतात. तिसऱ्यात पिसं उघडतात, पण डोक्या-मानेवर पिवळे दोरे शिल्लक असतात. ते दिसेनासे झाले की पिल्लू उडायला आलं.

बहुतेक जण फसतात ते मात्र इथे: पहिली पिल्लं दोन-तीन आठवड्यांची होतात न होतात तोच मादी शेजारी पुढची अंडी घालते. ‘ही उडाली की बघू’ म्हणणाऱ्याला मोकळा दिवस कधी सापडतच नाही. म्हणून पिल्लं दहा-बारा दिवसांची झाल्यापासून ब्रॅकेटवर किंवा खिडकीच्या पट्टीवर नवी काडी दिसली की उचलायची, रोज. त्यात कुणाचं पाप नाही. काडी म्हणजे अंडं नव्हे.

एसी चालवायला हरकत नाही, पण काड्या युनिटच्या मागच्या पत्र्यांना (ज्यातून हवा आत ओढली जाते) चिकटल्या असतील तर गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसर तापून बंद पडतो. तसं होत असेल तर पिल्लं उडेपर्यंत त्या खोलीत पंख्यावर भागवा. हात घालण्याआधी त्या एसीचा एमसीबी (विजेच्या बोर्डातला खटका) पाडा, नुसतं रिमोटने बंद करून चालत नाही.

घरटं रिकामं झालं की त्याच दिवशी साफसफाई आणि दुसऱ्या दिवशी जाळी. युनिट आणि भिंत यांच्यातली फट साधारण १० ते १५ सेंटिमीटर असते, पारव्याला हवी तेवढीच. तिथे एक इंच चौकोनाची वेल्ड केलेली जीआय जाळी वरून आणि दोन्ही बाजूंनी भिंतीपर्यंत वळवून बसवा. युनिट छज्ज्यावर असेल तर जाळी छज्ज्याला टेकेपर्यंत आणा. ब्रॅकेटवर असेल तर खालची बाजूही जाळीनेच बंद करा. पत्रा किंवा प्लाय लावला तर पाणी आणि कचरा साचतो. पंख्यासमोर काहीही लावू नका. डासांची बारीक जाळीही नको, ती धुळीने बुजते. आणि जाळी तांब्याच्या पाइपाला बांधू नका: युनिट थरथरतं, तार पाइपाला घासते आणि गॅस गळतो. तुम्ही वरच्या मजल्यावर असाल तर हे काम कमरेला पट्टा बांधणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न (कोथरूड, पुणे): मागच्या वर्षी गॅलरीला नायलॉनची जाळी लावून घेतली. तरी पारवे आत येतात. गेल्या महिन्यात एक त्यात अडकून मेलाही. जाळी बदलावी का?

उत्तर: जाळी बहुधा ठीक असेल, लावणी चुकली आहे. आधी पट्टी घेऊन एक घर मोजा. पारव्यासाठी घर ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच हवं. (साळुंक्यांसाठी २८ आणि चिमण्यांसाठी १९ मिलिमीटर लागतं.) घर याहून मोठं असेल तरच बदलण्याचा विचार करा.

आता कडा बघा. स्वस्तातल्या कामात भिंतीत दीड-दोन फुटांवर हुक ठोकून जाळी थेट त्यावर अडकवतात. दोन हुकांच्या मधली कड झोळीसारखी लोंबते आणि पारवा तिथून चालत आत येतो. उडत नाही, चालतच. बरोबर पद्धत अशी: चारही कडांना ४५ ते ५० सेंटिमीटरवर स्टेनलेस स्टीलचे आय-बोल्ट, त्यांतून २ मिलिमीटरची स्टेनलेस तार, तार ताणायला टर्नबकल आणि मग जाळीची कड त्या तारेवर कड्यांनी किंवा दोरीने जवळजवळ विणून घ्यायची. जाळी लागली की लांब उभं राहून बघा. प्रत्येक घर चौकोनी दिसलं पाहिजे. शंकरपाळ्या दिसल्या तर जाळी एकाच दिशेने ओढली गेली आहे. मधोमध तळहाताने दाबा: लगेच परत यायला हवी. दाबलेली तशीच राहिली तर त्या सैल पिशवीतच पुढचा पारवा अडकणार. ताठ जाळीला पक्षी धडकतो आणि मागे फिरतो. सैल जाळीत त्याचा पाय गुंततो आणि तो जितका फडफडतो तितकी ती आवळत जाते.

तळाशी ग्रॅनाइटच्या पट्टीवर चार सेंटिमीटरची फटही ठेवू नका. पावसाचा पाइप जाळीतून जात असेल तर कापलेली जागा पाइपाभोवती शिवून घ्या. ग्रिलला पांढऱ्या केबल टायने बांधलं असेल तर ते उन्हाने ठिसूळ होऊन पटापट तुटतात. काळे, उन्हाला टिकणारे टाय वापरा.

अडकलेला पक्षी दिसला तर ओढू नका. त्याच्यावर टॉवेल टाका, अंधार झाला की तो शांत होतो. मग भोवतीचे धागे कात्रीने कापा आणि पायाला गुंडाळलेला शेवटचा धागाही काढल्याशिवाय सोडू नका. तो तसाच राहिला तर पुढे पाय सडतो.

आणखी एक, विचारलं नसलंत तरी: पारव्यांची जाळी मुलांना अडवण्यासाठी नसते. घरात लहान मूल असेल तर त्यासाठी वजन पेलणारी वेगळी जाळी किंवा ग्रिल हवंच.

प्रश्न (नाशिक): गॅलरीतल्या कुंडीत कबुतरानं चार काड्या टाकून दोन पांढरी अंडी घातलीत. पक्षी जरा लहान वाटतो. आता सगळी गॅलरी घाण होणार का?

उत्तर: नाही. हा होला. पारव्याहून बराच लहान, तपकिरी-गुलाबी, मानेवर काळसर ठिपक्यांची नक्षी. जोडी एकटीच येते, थवा जमवत नाही. अंडी १२ ते १४ दिवसांत फुटतात आणि पिल्लं त्यानंतर दोनेक आठवड्यांत जातात. महिनाभर त्या कुंडीला कडेकडेने पाणी घाला, एवढंच.

प्रश्न (राजापूर, जि. रत्नागिरी): मंगलोरी कौलांच्या घरात पागोळीच्या फटींतून पक्षी आत शिरतात. माळ्यावर गवत, चिंध्या, प्लॅस्टिकचा ढीग झालाय. त्यात सापाची कात सापडल्यापासून घरचे वर चढायला तयार नाहीत.

उत्तर: साप नसावा, साळुंकी असावी. तिला घरट्यात कात घालायची खोडच आहे. कागद, दोरे, कॅरीबॅगचे तुकडे, पिसं, मिळेल ते ती कोंबते. खात्री करायची तर अंडी बघा: साळुंकीची चार-पाच आणि चकचकीत निळी असतात. पारव्याची पांढरी आणि दोनच, चिमणीची मळकट पांढरी, त्यावर राखी-तपकिरी ठिपके. पारव्याचं घरटं म्हणजे मोजक्या काड्या आणि त्यांना विष्ठेने आलेला सिमेंटसारखा काठ. एवढा गवताचा ढीग तो घालत नाही. (तरी ढिगात हात घालण्याआधी काठीने उलथून बघा. कोकणातला माळा आहे, साळुंकीवर सगळा भरवसा नको.)

साळुंकीची वीण उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत चालते, आणि आपली कौलं चाळायची वेळ नेमकी मे महिन्याची. त्या वेळी फटी बुजवल्या तर पिल्लं आत कोंडून मरतात, वास सुटतो, मुंग्या लागतात. बुजवायचं काम जानेवारी-फेब्रुवारीत करा. कौलांच्या लाटांखालच्या फटींत सिमेंट भरू नका. कौल हललं की ते तडकतं आणि खालच्या वाशाला ओल धरून तो कुजतो. त्याऐवजी पाऊण इंची वेल्ड जाळीची पट्टी कापून, कौलाच्या वळणाप्रमाणे वाकवून आतून पागोळीच्या फळीला स्टेपलने बसवा. वारा खेळता राहतो.

चिमण्यांसाठी लाकडी पेटी टांगायची असेल तर भोक ३२ मिलिमीटरचं पाडा. चिमणी आत जाते, साळुंकी अडते.

प्रश्न (बोरिवली, मुंबई): खिडकीबाहेरचं जुनं घरटं काढल्यापासून रात्री अंगावर काहीतरी चावतं, सकाळी बारीक लाल चट्टे दिसतात. ढेकूण नाहीत. दुसरं म्हणजे आईला चार महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. त्याचा पारव्यांशी संबंध असेल का?

उत्तर: चावणारी बहुधा पक्ष्यांवरची माइट, म्हणजे गोचिडीसारखी रक्त पिणारी बारीक कीड. टाचणीच्या डोक्याहून लहान, उपाशी असताना राखाडी, रक्त प्याल्यावर लाल. पक्षी गेला की ती भुकेने घरात शिरते, म्हणून त्रास घरटं काढल्यावर सुरू होतो. माणसाच्या रक्तावर तिची वाढ नीट होत नाही, पण मोठी माइट काही महिने उपाशी जगू शकते, म्हणून आपोआप जाईल अशी वाट बघू नका. पांढरा कागद संध्याकाळी खिडकीच्या चौकटीवर चिकटवून ठेवा. सकाळी त्यावर हलणारे ठिपके दिसले की खात्री झाली. चौकटीच्या फटी साबणाच्या पाण्याने पुसा, एसीच्या पाइपाभोवतीचं भोक पुट्टीने बंद करा, मग पेस्ट कंट्रोलवाल्याकडून त्या फटींत पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक मारून घ्या. उन्हाळ्यात माइटची एक पिढी आठवडाभरात तयार होते, म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी ठरवूनच घ्या. एकाच फवारणीवर सोडलेलं काम परत करावं लागतं.

आईच्या खोकल्याचं मात्र पुढे ढकलू नका. पारव्यांच्या पिसांवरची पांढरी भुकटी आणि वाळलेली विष्ठा श्वासातून जात राहिली की काहींच्या फुप्फुसांना सूज येते. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. कोरडा खोकला, जिना चढताना दम, थकवा, काही वेळा हलका ताप. साध्या दम्यासारखं वाटतं म्हणून महिने जातात, आणि दुखणं जुनं झालं की फुप्फुसांत कायमचे व्रण राहतात. छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि खिडकीला पारवे होते हे आपणहून सांगा. दर वेळी ते विचारतीलच असं नाही. आईने साफसफाईत हात घालायचा नाही आणि काम होईपर्यंत त्या खोलीत झोपायचं नाही.

साफसफाईची रीत सगळ्यांसाठीच लिहितो, कारण दुखणं बहुतेकदा इथूनच लागतं. कोरडा झाडू नको, घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात नको. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. घराच्या बाजूची खिडकी बंद. बादलीभर पाण्यात मूठभर साबणाची पावडर घालून फवाऱ्याने विष्ठेवर हळू मारा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. ओला झालेला थर पत्र्याच्या पट्टीने खरवडून दोन पिशव्यांत बांधा. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचा हात फिरवा, दहा मिनिटांनी धुऊन काढा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. एसीच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवरही ब्लीच नको, तिथे साधं पाणीच.

प्रश्न (सातारा): जिन्याच्या वरच्या बंद पोटमाळ्यातून रात्री ‘श्श्श’ असा आवाज येतो. खाली पांढरे ओघळ आणि केसांचे काळपट गोळे पडलेत. शेजारी नको ते बोलतात.

उत्तर: एक गोळा पाण्यात भिजवून टाचणीने सोडवा. उंदराच्या कवट्या, दात आणि हाडं निघतील. गव्हाणी घुबड न पचलेलं असं ओकून टाकतं, आणि फिसकारतात ती त्याची पिल्लं. हा पक्षी आणि त्याचं घरटं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे स्वतः हलवायचं नाही. पिल्लं दोन-अडीच महिन्यांत उडतात. तोवर खाली पुठ्ठा पसरा आणि उंदीर मारायचं औषध इमारतीत ठेवू नका. ते खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला तर घुबडही मरतं. पिल्लू खाली पडलं किंवा शेजारी काठ्या घेऊन आले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

पोर्चच्या छताला पिसं आणि गवत थुंकीने चिकटवून केलेली घरट्यांची वसाहत दिसते, तिच्याबद्दलही दोन पत्रं आहेत. त्या पाकोळ्या. (काही भागांत लहान वटवाघळालाही पाकोळीच म्हणतात. इथे पक्षी अभिप्रेत आहे.) त्या दिवसभर हवेतले किडे टिपतात. घरट्यांखाली फूटभर रुंद फळी मारा म्हणजे गाडी खराब होत नाही.

प्रश्न (पिंपरी-चिंचवड): गच्चीवरच्या सोलर पॅनेलखाली पारव्यांनी वस्तीच केली आहे. वीजही कमी मिळते असं वाटतं.

उत्तर: वाटतं नव्हे, मिळतच असेल. पॅनेलमधले सेल ओळीने जोडलेले असतात. विष्ठेच्या एका जाड डागाखालचा सेल प्रवाह अडवतो, तापतो आणि कालांतराने तिथे जळका डाग पडतो. पावसाने विष्ठा पुरती धुतली जात नाही. पहाटे पॅनेल गार असताना मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवा. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका, तारेची घासणी तर नकोच.

बंदोबस्तासाठी पॅनेलच्या चारही कडांना गच्चीपर्यंत किंवा पॅनेलखालच्या पत्र्यापर्यंत जाळीचा घेर सोडतात. एक इंची, पीव्हीसीचं आवरण असलेली वेल्ड जाळी घ्या आणि ती पॅनेलच्या चौकटीच्या आतल्या कडेला क्लिपने अडकवा. चौकटीला भोक पाडू नका, वॉरंटी जाते आणि भोकातून पाणी शिरतं. स्टँड उंच असेल आणि खालून माणूस जाऊ शकत असेल तर घेर परवडत नाही. तिथे पॅनेलच्या मागच्या कैच्यांतले कोपरे तेवढे जाळीने बंद करा, घरटी तिथेच होतात. घेराची एक बाजू उघडता येईल अशी ठेवा. आत पालापाचोळा साचतो आणि उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून वर्षातून दोनदा बघावं लागतं. काम सुरू करण्याआधी सगळी अंडी-पिल्लं बघून घ्या. घाईत बंद केलेल्या घेरात पिल्लं मरून पडली की तो वास पुढे कितीतरी दिवस गच्चीवर राहतो.

प्रश्न (डोंबिवली, गृहनिर्माण संस्थेचे सचिव): दोन डक्ट पारव्यांनी भरलेत. वरून जाळी टाकली तरी फरक नाही. एका सभासदांनी प्लॅस्टिकचं घुबड आणलं, दुसऱ्यांनी अल्ट्रासॉनिक यंत्र. एक जण विष घाला म्हणतात, तर चौथ्या मजल्यावरचे काका रोज गच्चीवर ज्वारी टाकतात. कुठून सुरुवात करावी?

उत्तर: काकांपासून. पण त्यांच्याशी भांडून नव्हे.

आधी बाकीच्यांचं. प्लॅस्टिकच्या घुबडाला पारवे काही दिवस बिचकतात, मग त्याच्याच डोक्यावर बसतात. लटकवलेल्या सीडीचंही तेच. अल्ट्रासॉनिक आवाज पारव्याला ऐकूच येत नाही. त्याची ऐकण्याची वरची मर्यादा माणसापेक्षाही खाली आहे. सोसायटीत असं यंत्र लागलंच तर ते उंदरांसाठी आणलंय म्हणून सांगा, तेवढीच अब्रू राहील. विष घालणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मेलेले पारवे डक्टच्या तळाशी कुजतात ते वेगळंच. पकडून लांब सोडले तर ते परत येतात. कबुतराची टपाल न्यायची कीर्ती उगाच नाही.

मारूनही उपयोग होत नाही, याचा मोठा दाखला स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचा आहे. तिथे १९६१ ते १९८५ दरम्यान सुमारे एक लाख पारवे मारले, संख्या हलली नाही. कारण अन्न तेवढंच होतं, रिकामी जागा नव्या पिल्लांनी भरली. मग १९८८ पासून लोकांना दाणे टाकू नका म्हणून समजावलं. चारेक वर्षांत थवे निम्म्यावर आले.

एका पारव्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम धान्य लागतं. काकांची रोजची किलोभर ज्वारी म्हणजे तीसेक पारव्यांचं जेवण. पारव्यांना पिल्लांसाठी किडे शोधावे लागत नाहीत, गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दूध ते पाजतात. म्हणून दाणे आहेत तोवर बारा महिने वीण चालू राहते. हा हिशेब काकांना शांतपणे दाखवा. दाणे एकदम बंद करण्याऐवजी तीन-चार आठवड्यांत कमी करत आणायला सांगा. त्याने पारवे उपाशी मरत नाहीत, अंडी कमी घालतात, आणि श्रद्धेने दाणे टाकणाऱ्या माणसाला हे सांगितलेलं पटतं. ऐकलंच नाही तर सर्वसाधारण सभेत ठराव घ्या. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये केवढं रान पेटलं ते आपण पाहिलंच: दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. ते भांडण आपल्या जिन्यात आणायचं नसेल तर काकांना चहाला बोलावून सुरुवात करा.

आता डक्ट. वरचं तोंड बंद केलं तरी पारवे तळमजल्याच्या उघड्या बाजूने आत शिरतात आणि आतल्या आत सरळ वर चढतात. म्हणून वर आणि खाली, दोन्हीकडे जाळी हवी. क्रम असा ठेवा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक मजल्यावरून टॉर्च मारून घरटी मोजा आणि कुठे अंडी, कुठे पिल्लं, कुठे नुसत्या काड्या, हे मजल्याप्रमाणे कागदावर लिहा. नुसत्या काड्या लगेच काढा आणि दर दोन-तीन दिवसांनी काढत राहा. शेवटची पिल्लं उडेपर्यंत सहा-सात आठवडे जातील. तेवढ्यात कोटेशन घ्या. कोटेशनमध्ये जाळीच्या घराचं माप, तारेची जाडी, बोल्टमधलं अंतर आणि प्लंबरला आत जायला चेन लावलेलं तोंड, या चार गोष्टी लिहून मागा. चेनचं तोंड नसलं तर पहिल्याच गळतीला प्लंबर जाळी कापतो आणि भोक तसंच राहतं. जाळी भर दुपारी लावायला सुरुवात करा, पारवे तेव्हा चरायला बाहेर असतात. पण बसलेल्या जोडीतलं एक कायम घरट्यात असतं: दुपारी नर, रात्री मादी. म्हणून शेवटची बाजू बंद करण्याआधी पुन्हा टॉर्च मारा. वरच्या जाळीवर पानं आणि पतंगाचा मांजा साचतो. मकर संक्रांतीनंतर एकदा आणि पावसाआधी एकदा झाडून घ्या.

प्रश्न (कोल्हापूर): गच्चीवरच्या पाच हजार लिटरच्या टाकीत मेलेला पारवा सापडला. टाकी रिकामी करून धुतली. पाणी प्यावं का?

उत्तर: अजून नको. नुसतं धुऊन भागत नाही. टाकी भरताना दर हजार लिटरला २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर (२५ टक्के क्लोरीनची) या हिशेबाने तुमच्या टाकीला एक किलो लागेल. ती आधी बादलीत कालवा, चुन्याचा गाळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. टाकी भरल्यावर घरोघरचे नळ उघडून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, म्हणजे पाइपही धुतले जातात. २४ तास तसंच ठेवा, सगळ्या घरांना आदल्या दिवशी नोटीस द्या. मग ते पाणी गटारात सोडा, झाडांना नको. टाकी साध्या पाण्याने भरून वापर सुरू करा. पावडर जुनी, ओलसर असेल तर तिच्यात क्लोरीन उरलेला नसतो, नवं पाकीट आणा.

पारवा आत पडला तो फुटक्या झाकणातून किंवा झाकणच नसल्यामुळे. झाकण बिजागरीचं आणि कुलपाचं बसवा. ओव्हरफ्लो आणि हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक स्टेनलेस जाळी क्लॅम्पने आवळा. ती डासांनाही अडवते.

प्रश्न (नागपूर): छज्ज्यावर काटे लावले, पारव्यांनी काट्यांतच घरटं केलं!

उत्तर: काट्यांनी काड्यांना आयताच आधार दिला. काटे बसायला येणाऱ्या पारव्याला अडवतात, वीण करायच्या जागेवर हट्टाने येणाऱ्याला नाही. बरेचदा एकच ओळ लावतात आणि मागे भिंतीपाशी हातभर जागा मोकळी राहते. तुमचा छज्जा दीड फुटाचा असेल तर काट्यांच्या चार-पाच ओळी लागतील, त्यापेक्षा उतार करणं स्वस्त पडतं. घरटं रिकामं झाल्यावर काटे काढा आणि ॲल्युमिनियमचा किंवा पीव्हीसीचा गुळगुळीत पत्रा भिंतीपासून कडेकडे निदान ४५ अंशांत, जमल्यास ६० अंशांत उतरता बसवा. दोन्ही टोकांचे त्रिकोण बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढचं घरटं त्या पत्र्याखालीच होईल.